काळीच्या पदरात टाकलेली पिलं

शहराला लागलेल्या बेसा गावच्या नव्या इमारती संपतात तिथून पुढे, नाल्याकाठी देवरावांचा डुकरांचा गोठा आहे. मागच्या हिवाळ्यात त्या गोठ्यातली एकवीस पिलं गेली. आधी उलट्या, मग पाण्यासारखी हगवण, आणि पाच दिवसांत एकही पिलू उरलं नाही. देवरावांनी ती सगळी एकाच खड्ड्यात पुरली. त्यांची बायको बायजाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

म्हणून यंदा जनावरांची डॉक्टर रितिका लस घेऊन आली, तेव्हा देवरावांनी स्वतः फाटक उघडलं.

"मागच्या वर्षी पिलं गेली तो डुकरांचा कोरोना, काका."

"अवो माय, कोरोना!" बायजाबाईंनी पदर नाकाला लावला.

"माणसांना होत नाही हा, काकू. पण दूधपित्या पिलाला सोडत नाही. पिलाला सुई देऊन तिचा गुण येईस्तोवर पिलू राहतच नाही. म्हणून आईलाच द्यायची, व्यायच्या आधी दोनदा."

लाली जुनी, शांत डुकरीण. तिने सुई घेतली आणि कान हलवून पुन्हा पेंडीत तोंड घातलं. काळी मात्र कोवळी होती. मागे एकदा भिऊन पळाली आणि तिचा गाभ पडला होता. सुईच्या धसक्याने यंदाही तसंच झालं तर? देवरावांनी तिला आधीच मागच्या आडोशाला कोंडलं होतं.

"दुसरी गाभण नाही का?" डॉक्टरने विचारलं.

"गाभण आहे का नाही, काही खरं नाही, म्याडम," देवराव म्हणाले. बायजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पेंडीची पाटी उचलली.

लालीला दुसरी सुईही झाली. मग दोघी एकाच दिवशी व्याल्या. लालीला बारा, काळीला चार. देवरावांच्या बापाची रीत होती की दोघी सोबत व्याल्या तर पिलं वाटून द्यायची, म्हणजे एकीची थानं सुकत नाहीत आणि दुसरीचं पिलू उपाशी राहत नाही. त्यांनी लालीची तीन दांडगी पिलं उचलली, अंगाला काळीखालचं गवत चोळलं, म्हणजे तिला वास ओळखीचा लागेल, आणि तिच्या पदरात टाकली.

"राहू द्या ना लालीपाशीच," बायजाबाई म्हणाल्या.

"काहून भिऊन राहिली वं? सुई यायच्या मायले भेटली. सुईचा गुण हे पोटातूनच घेऊन आले."

पाचव्या दिवशी सकाळी काळीची चारही पिलं फाटलेलं दूध ओकली. दुपारपर्यंत लालीची ती तिघंही ओकू लागली. मधल्या पाइपांच्या कठड्यापलीकडे लालीची नऊ पिलं मात्र ढुशा देऊन पीत होती. देवराव कधी इकडे पाहत, कधी तिकडे. एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली. मग यांनाच काय झालं?

रितिका आली. तिने बूट औषधाच्या पाण्यात बुडवले, आत वाकून पाहिलं.

"ही तीन मोठी कोणाची?"

देवरावांनी सांगितलं. काळीला लपवलेलंही सांगितलं.

तिने ती तीन पिलं एकेक करून चाचपली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डुकरिणीच्या पोटातून पिलाला सुईची राखण मिळत नाही, काका. ती दुधात येते. पहिल्या चिकात सगळ्यात जास्त, आणि मग दर पाजण्याला थोडी थोडी. लालीचं दूध तुटलं, तशी यांची राखण तुटली."

"मंग परत लावू लालीले?"

"ओकणारी पिलं त्या नऊत घालू नका. तुमच्या पायांनी रोग तिकडे पोचलाच असेल, लालीचं दूध त्यांना राखतंय, आणखी भार नको. लालीचं दूध काढता आलं तर काढून आधी या तीन मोठ्यांना पाजा. सोबत ही क्षारांची पुडी, पाण्यात. आणि तिकडे जाताना पाय धुवा."

डुकरिणीचं दूध गाईसारखं मागाल तेव्हा येत नाही. ती आडवी होऊन हळूहळू घुरघुरते, मग घुरघुर भराभर होते, आणि पंधरा-वीस मोजेपर्यंत पान्हा सुटतो. मग तासभर काही नाही. देवरावांनी जन्मभर हे ऐकलं होतं, पण त्यात हात कधी घातला नव्हता. पहिल्यांदा लालीने लाथ मारली आणि वाटी घाणीत गेली.

"सरका तिकडं," बायजाबाई म्हणाल्या. "तुमचे हात म्हणजे हापशी दाबल्यासारखे."

त्यांनी कडेचा, कोणत्या पिलाने न धरलेलं थान धरलं. दोन चमचे निघाले. देवरावांनी ते तिघांच्या जिभेवर थेंब थेंब सोडले.

"मी म्हटलं होतं ना, लालीपाशीच राहू द्या."

"हो."

"अन् काळीले लपोलं, तवाबी मी पायलं. म्या काहून तोंड नाही उघडलं?"

देवरावांनी वाटी धुतली. ते पुढच्या पान्ह्याची वाट पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळीची चारही गेली. लालीच्या तिघांतलं एक गेलं. उरलेली दोन पोत्यावर पडून होती. एकाने मात्र चमचा चाटला, आणि पुन्हा चाटला.

तेवढ्यात काळी आडवी झाली आणि घुरघुरू लागली. तिच्यापाशी कोणीच नव्हतं. घुरघुर भराभर झाली, पान्हा सुटला आणि दूध गवतावर गळत राहिलं. देवराव उठून तिच्याकडे निघाले.

"अवो, वाटी धरा!" बायजाबाई ओरडल्या. "लाली पान्हा सोडून राहिली."

देवरावांनी काळीकडे पाठ केली, पाय धुतले आणि वाटी धरली.