नर्मदेच्या पाण्याचे दोन लोटे

म्हसावदच्या पटांगणात मांडव ओसंडून माणसं बसली होती आणि नर्मदेच्या पाण्याच्या लोट्यात बुडवलेला गोकुळ हमालाचा रुमाल ज्वालानाथ महाराजांच्या चिमट्यात जळत होता. जाळ निळसर नाचला, विझला, आणि महाराजांनी रुमाल झटकून गोकुळच्या हातात दिला. धडधाकट, वर ओला.

"सच्चा आदमी," महाराज म्हणाले. "नर्मदामैया सच्चे का धागा भी नहीं जलने देती. झूठे की चिंदी नहीं बचती. पुलिस महिना लगाती है, मैया को एक मिनट बहुत है."

लोक हसले, आणि हसता हसता हात जोडले.

पुढच्या रांगेत लहरीबाई बसल्या होत्या. छगनलाल शेठच्या किराणा दुकानातल्या म्हाताऱ्या शेठाणी. नातीची, किंजलची, सोन्याची साखळी चार दिवसांपूर्वी कपाटातून गेली होती. घरात ये-जा असणारी तीन माणसं आज परीक्षेला उभी होती. गोकुळ सुटला, दूधवाला लखन सुटला. राहिली कालीबाई. अकरा वर्षं घरकाम करणारी, तोरणमाळच्या डोंगरातली.

महाराजांनी तांब्याचा दुसरा लोटा पुढे ओढला. तिच्या पदराची चिंधी बुडवली, पेटवली. बघता बघता काळी राख चिमट्यातून खाली पडली.

कालीबाई रडली नाही. तिने लोट्याशी वाकून वास घेतला. उदबत्त्या आणि अत्तर यांच्या घमघमाटातही तो तिला लागला. मोडक्या अहिराणीत ती म्हणाली, "शेठाणी, हाई पाणी नही शे. दारू शे. आम्ही मोहानी दारू अशीच चिंधी पेटाडी पाहतस. पहिल्या धारनी ऱ्हायनी ते चिंधी जळी जास. पाणी टाकेल ऱ्हायनी ते जाळ निंघस, पण चिंधी वाचस."

"दारूवालीले दारूच दिसस," मागून कोणी बोललं. मांडव खदखदला.

लहरीबाईही बोलल्या. "चोरी करी ती करी, वर मैयाना पाणीले दारू म्हणस? जाय इथून."

कालीबाईने फाटका पदर खोचला आणि तोरणमाळच्या जीपकडे निघाली.

रविवारी मोठी नात फाल्गुनी शहाद्याहून आली. ती तिथे कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. लहरीबाईंनी तिला चमत्कार रंगवून सांगितला. पोरगी तडक उठली. ओळखीच्या दवाखान्यातून स्पिरिटची बाटली आणली, दोन वाट्या मांडल्या. एकीत नुसतं स्पिरिट, दुसरीत अर्धं पाणी. दोन चिंध्या पेटल्या. एक गेली, एक वाचली.

"दादी, जळतं ते स्पिरिट," फाल्गुनी म्हणाली. "पाणी असलं की जाळाची उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कापड ओलं राहतं, पेट घेण्याइतकं तापतच नाही. पाणी नसलं तर स्पिरिट संपतं आणि मग कापडच पेटतं. कालीमावशी बरोबर बोलली."

लहरीबाईंना आपलं दुकान आठवलं. नवी सून म्हणून आल्या तेव्हा डोंगरातल्या बाया मोहफुलांच्या टोपल्या घेऊन पायऱ्यांवर बसत, त्यांत कालीबाईची आईही असे. कित्येक पोती फुलं या घराने तोलून घेतली. त्यांचं पुढे काय होतं ते जैन घरात कोणी विचारलं नाही. दारूचा थेंब नाही याचा अभिमान मात्र सगळ्यांना होता.

"पण दादी," फाल्गुनी म्हणाली, "दुसरा लोटा कुणासाठी, हे महाराजांना कसं कळलं?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी महाराजांनी हळूच विचारलं होतं, 'माताजी, शक किस पर?' आणि लहरीबाईंनी कालीबाईचं नाव सांगितलं होतं. आगीने तेच नाव परत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मांडव तसाच भरलेला. लहरीबाई उठल्या, आपला रुमाल महाराजांनी हात आडवा घालायच्या आत दुसऱ्या लोट्यात बुडवला आणि चिमट्यात धरून पेटवला. राख झाली.

"मैया नाराज है," महाराज गडबडले.

"मैया नही, स्पिरिट शे," त्या म्हणाल्या. "मी यान्हा कानमा कालीबाईनं नाव सांगं व्हतं. म्हणून तिनी चिंधी जळनी. चोर कोण ते माले माहीत नही. यालेबी नही."

महाराजांनी दुपारच्या आत मांडव उचलला. साखळी आजही सापडलेली नाही.

त्या आठवड्यात लहरीबाई तोरणमाळचा घाट चढून गेल्या. कालीबाई अंगणात नागली पाखडत होती. लहरीबाईंनी जमलेल्या पाड्यासमोर हात जोडले, मांडवात काय केलं तेही सांगितलं. कालीबाईने ऐकून घेतलं, बसायला खाट दिली, पाणी दिलं. "घरी चाल," लहरीबाई म्हणाल्या.

"नही," कालीबाई म्हणाली. "अकरा वरीस तुन्हा कपाटनी चावी मन्हापाशी व्हती. साखळी गयी तवय तू माले इचारं नही. बाबाले इचारं."

लहरीबाई एकट्याच घाट उतरल्या. स्पिरिट कुणाच्याही हातात तसंच जळतं, खरं-खोटं त्याला कळत नाही. ते माणसाला विचारून, शोधून आणि पडताळून पाहावं लागतं. आणि ते काम आधी करायचं असतं, चिंधी पेटण्यापूर्वी.