वारज्यातल्या गोठ्याचा लॅक्टोमीटर

मित्रांनो, मी आहे एक लॅक्टोमीटर. जुना आहे, हे मान्य. पण जुना म्हणजे बिघडलेला नव्हे, एवढं आधीच समजून घ्या, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. दिसायला मी साधी काचेची नळी. पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान आणि मानेच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. दुधात सोडलं की मी उभा तरंगतो. दूध चांगलं असेल तर मान वर राहते, पाणी घातलेलं असेल तर मी खाली जातो. काम एवढंच, पण ते मी चोख करतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका काच कारखान्यात झाला. कारागिराने मला भट्टीच्या आचेवर फुंकून आकार दिला, पोटात छर्रे भरले आणि पाण्यात सोडून पाहिलं. माझी कितीतरी भावंडं त्या परीक्षेत नापास होऊन कचऱ्यात गेली. मी पास झालो. तिथून आलो थेट पुण्यात, बुधवार पेठेतल्या एका दुकानात. रंगराव मला बघायला आले तेव्हा दुकानदाराने आधी त्यांना बजावलं की फुटलं तर भरून द्यावं लागेल, आणि मगच मला त्यांच्या हातात दिलं. पुण्यात माझं स्वागत हे असं झालं.

रंगराव वारज्याचे शेतकरी. त्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, पण गोठा त्यांनी सोडला नाही. चारही बाजूंना उंच सोसायट्या आणि मधे आमच्या म्हशी निवांत रवंथ करत बसलेल्या. रंगराव गिऱ्हाइकासमोर मला दुधात सोडत आणि आकडा वाचून दाखवत. लोक म्हणायचे, रंगरावांचं दूध डोळे मिटून घ्यावं. अहो, त्यांना डोळे मिटता यावेत म्हणून मी डोळे उघडे ठेवून उभा असायचो! पण नाव झालं रंगरावांचं. असू दे. माणूस भला होता, मला कधी ओला ठेवला नाही की दगडावर आपटला नाही.

रंगराव गेले आणि कारभार त्यांच्या सुनेने, राजनंदिनीने हातात घेतला. मुलगी हुशार. तिने रीतसर परवाना काढला, काचेच्या बाटल्या आणल्या, बाटल्या भरायला स्वच्छ खोली बांधली. दुधाचा कायदा तिला पाठ. दूध म्हणजे निरोगी जनावराचं पूर्ण दोहून काढलेलं दूध; त्यात काही घालायचं नाही, त्यातून काही काढायचं नाही, नुकत्याच व्यायलेल्या म्हशीचा चीकही त्यात येऊ द्यायचा नाही. म्हशीचं असेल तर म्हशीचं लिहायचं, गाईचं असेल तर गाईचं, दोन्ही एकत्र असेल तर तसं. परदेशातून येणाऱ्या दुधाच्या भुकटीलासुद्धा पाकिटावर आपलं नावगाव सांगावंच लागतं, मग आमच्या बाटलीला का सूट असावी? राजनंदिनीने लेबलवर ठळक अक्षरांत छापून घेतलं: 'म्हशीचं दूध. यात काही घातलेलं नाही, यातून काही काढलेलं नाही.' ते वाचून मला फार बरं वाटलं. आयुष्यभर मी जे मानेने सांगत आलो ते कुणीतरी कागदावर लिहिलं होतं.

पण तिने दूध तपासायचं विजेचं यंत्रही आणलं. बटण दाबलं की ते टुक्कन वाजतं आणि दुधातलं फॅट, पाणी, सगळं सांगून टाकतं. खोटं कशाला बोलू, साय काढून घेऊन वर पाणी घातलेल्या दुधात मी फसू शकतो आणि ते यंत्र फसत नाही. म्हणून मला त्याचा राग नाही. राग आला तो टेबलाच्या खणाचा. गंजलेला कॅन-ओपनर, मेणबत्त्यांचे तुकडे आणि बंद पडलेली टॉर्च यांच्याबरोबर मला तिथे टाकून दिलं. माझी जागा काय, मला शेजार कसला दिला! चांगलाच वैतागलो होतो मी.

तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खराडीहून तक्रार आली. तिथल्या आयटी कंपन्यांत काम करणारी बरीच मंडळी आमचं दूध घेऊ लागली होती. त्यातल्या नम्रताने कळवलं की हल्ली सायच धरत नाही. राजनंदिनीने यंत्र लावलं, तर खराडीच्या दुधात पाणी! एकदा नाही, लागोपाठ. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने नमुना नेला असता तर परवाना गेलाच असता. पण त्याहून मोठी गोष्ट पोपटवर येऊन ठेपली.

पोपट वाशीमकडचा. आमच्याकडे धारा काढतो आणि दुधाचे कॅन, वारज्याचे वेगळे आणि खराडीचे वेगळे, गोठ्यातून बाटल्यांच्या खोलीत नेतो. बायको उल्का शेणकूट बघते, दोघं गोठ्यामागच्या खोलीत राहतात. कॅन फक्त पोपटच्या हातात असतात, मग पाणी कोण घालणार? राजनंदिनीच्या नवऱ्याने, सुदर्शनने, फार विचार केला नाही. रविवारपर्यंत खोली रिकामी कर, एवढंच पोपटला सांगून टाकलं. एका माणसाचं काम, घर आणि अब्रू, तिन्ही एका वाक्यात गेलं. पोपटने वाद घातला नाही. तो राजनंदिनीकडे आला आणि म्हणाला, "वहिनी, मले चोर म्हणा, पण त्याआधी दूध अजून एकदा मोजा. गोठ्यापासून मोजा."

यंत्र जड, त्याची वायर बाटल्यांच्या खोलीतल्या भिंतीला. गोठ्यात न्यायचं तर न्यायचं कुणाला? मला! राजनंदिनीने खण उपसून मला काढलं, धुतलं, पुसलं. मी तयारच होतो.

सकाळच्या धारा झाल्या. ताज्या दुधात फेस असतो, त्यात मला लगेच सोडलं तर आकडा खोटा येतो, हे तिला माहीत होतं. दूध निवेपर्यंत ती थांबली. मग गोठ्यातल्या बादलीत मला सोडलं. मान वर, दूध अस्सल. कॅन भरले. राजनंदिनी मला घेऊन पुढे बाटल्यांच्या खोलीच्या दाराशी गेली, मागून अंगणातून कॅन आले. वारज्याच्या कॅनमध्ये सोडलं, तरी मान वर. खराडीच्या कॅनमध्ये सोडलं आणि मी खाली गेलो. सगळ्यांनी वाकून पाहिलं. म्हणजे गोठ्यातून निघताना दूध बरोबर होतं, दारात पोचेपर्यंत त्यात पाणी पडलं होतं. मधे होतं फक्त अंगण.

अंगणात ओट्यावर मथुराबाई बसल्या होत्या, रंगरावांच्या बायको, सुदर्शनच्या आई. सुदर्शन पोपटकडे वळून पुन्हा काही बोलणार, एवढ्यात त्या उठून उभ्या राहिल्या.

"त्याला काय बोलू नगंस," त्या म्हणाल्या. "पाणी म्या घातलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोरं दूध दुसऱ्याच्या घरी धाडू नये, म्हशीला दृष्ट लागते, ही त्यांच्या सासूची शिकवण. दूध आजूबाजूच्या आळीत जायचं तेव्हा बोट बुडवून पाण्याचे दोन थेंब पुरायचे. दोन थेंब मलाही कळत नाहीत. वारज्याच्या कॅनला त्या अजूनही तेवढेच घालत. पण आता दूध शहराच्या पार पल्याड जातं, कधी न पाहिलेल्या माणसांकडे. एवढ्या परक्या नजरांना दोन थेंब कसे पुरावेत? म्हणून खराडीच्या प्रत्येक कॅनला त्या अख्खा तांब्या ओतत होत्या. नफा त्यांच्या स्वप्नातही नव्हता. त्या म्हशी वाचवत होत्या.

राजनंदिनीने त्यांचा हात धरला. ती म्हणाली, "आई, तुमची माया मला कळते. पण बाटलीत माया पडत नाही, पाणी पडतं. लेबल खोटं ठरतं." मथुराबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, बंद झाकणावर शिंपडलं तर कायद्याची काही हरकत हाय का? त्यावर राजनंदिनीने सांगितलं की झाकण बंद असू द्या, मग बाहेरून हवं तेवढं शिंपडा. त्या दिवशीचं खराडीचं दूध तिने भरलंच नाही. तिथल्या सगळ्यांना खरं काय झालं ते कळवलं. काही घरांनी दूध बंद केलं. नम्रताने चालू ठेवलं.

मग तिने पोपटला विचारलं, तुला हे दिसत नव्हतं का? पोपट म्हणाला, "दिसत होतं ना. पण पाण्यानं एवढा फरक पडते, हे ध्यानात आलं तवा उशीर झाला होता. आणि आजीचं नाव माह्या तोंडून कसं घेऊ? या गावात पहिली भाकर तिनंच देल्ली."

सुदर्शन तडक गोठ्यामागच्या खोलीकडे गेला, मागोमाग राजनंदिनी आणि पोपट. मी तिच्या हातातच होतो, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. उल्काने सामान बांधलं होतं. भांडी पोत्यात, कपडे गाठोड्यात. सुदर्शन दारात थांबून म्हणाला, चुकलं माझं. उल्काने मान वर केली.

"दूध तीनदा मोजलं तुमी," ती म्हणाली. "माह्या माणसाले एकदा तरी इचाराचं."

सुदर्शन तिथेच उंबऱ्यावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने पोपटला हुकूम न देता विचारलं, "राहशील का?" पोपटने बायकोकडे पाहिलं. उल्काने खाली बसून गाठोड्याची गाठ सोडली.

मित्रांनो, काम झालं की मला धुवा, पुसा आणि मऊ कपड्यात ठेवा; काच आहे मी. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय दूध घेऊ नका. दुधात पाणी आहे की नाही, हे मी सांगेन, त्याची काळजी करू नका. पण ते कुणी घातलं आणि कशासाठी घातलं, हे माझ्या पट्टीवर कुठेच लिहिलेलं नाही. ते तुम्हाला माणसालाच विचारावं लागेल, आणि त्याचं सामान बांधून होण्याआधी विचारावं लागेल.