मधल्या बटणाचं सील

संशय घेणं हीच वजनमापे निरीक्षकाची नोकरी असते. त्याने चोवीस वर्षं तराजूंना सीलं ठोकली होती, आणि तराजूमागचा माणूस हसला की तराजू पुन्हा एकदा तपासला होता. सुट्टीच्या दिवशी मात्र तो बेस गिटार वाजवायचा. तीही अंगठ्याने जाड तार ठोकून आणि तर्जनीने बारीक तार ओढून सोडून, ज्याला वाजवणारे स्लॅप म्हणतात. त्यामुळे दोन पदव्या असूनही बँडमध्ये त्याचं नाव पडलं होतं अंगठेबहाद्दर.

बँड चौघांचा: गाणाऱ्या बाई, ड्रमवाला, अंगठेबहाद्दर आणि कीबोर्डवर त्याचा सख्खा मेहुणा. दर रविवारी दुपारी एका हॉटेलच्या जेवणघरात ते वाजवायचे. मागच्या रविवारी मॅनेजर म्हणाला होता, "मला अजून दोन टेबलं टाकायचीत. तिघांत भागतं का बघा. पुढच्या रविवारी ऐकून सांगतो."

"बेस काय, मी डाव्या हातानेही भरीन," मेहुणा म्हणाला. "म्हणजे, वेळ आलीच तर."

हे तो इतक्या सहज म्हणाला की वेळ कोण आणणार ते अंगठेबहाद्दराला तिथेच कळलं.

पुरावाही होता. मनासारखा आवाज त्याला आठ वर्षांच्या खटपटीनंतर सापडला होता. तारा नव्याकोऱ्या, पट्टीला टेकतील न टेकतील इतक्या खाली. अंगठा तारेवर दाबायचा नाही, गरम तव्याला लागल्यासारखा उसळवायचा. आणि अ‍ॅम्पची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीची, तीन बटणं: खालच्या आणि वरच्या सुरांची पूर्ण वर, मधलं शून्यावर. घरी असं वाजवलं की खाली घुमारा, वर काचेची किणकिण, आणि कपाटातल्या बश्या थरथरायच्या. हॉटेलात मात्र दोन महिने तोच आवाज त्याच्या कानाला पत्र्याच्या डब्यासारखा लागत होता. वाजवून झाल्यावर वाकून बघावं तर मधलं बटण पाचावर.

घामट बोटांनी नव्या तारा आठवड्यात मरतात, म्हणून वाजवण्याआधी तो हात धुवायला जायचा. त्या तीन मिनिटांत गुन्हा घडत होता.

त्यात लोक स्तुती करू लागले होते. मेहुणा तर म्हणाला, "भावोजी, हल्ली तुमचा अंगठा बोलतो." बारा वर्षांत मेहुण्याने त्याच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं, लग्नातल्या सुटालाही नाही. संशय पक्का झाला तो इथे.

शनिवारी त्याने बायकोला विचारलं, "नेलपॉलिश आहे का गं?"

बायको एका हॉस्पिटलात लाउडस्पीकरवरून डॉक्टरांना बोलवायचं काम करायची. घरी आवाज लोण्यासारखा, पण माइकसमोर बसली की नाकातून काढायची. तू तिथे बदकासारखी का बोलतेस, असं तो अधूनमधून विचारायचा. ती हसून सोडून द्यायची.

"कुणाला लावायचंय?"

"बटणाला. तुझा भाऊ बटण फिरवतो."

"माझा भाऊ स्वतःच्या घरातला पंखासुद्धा दुसऱ्याला लावायला सांगतो."

"तेच म्हणतो मी. हॉटेलात बरा उठतो."

तिने बाटली काढून दिली. "मरून आहे. चालेल?"

"सीलला चालतं." त्याने शून्यासमोर एक ठिपका दिला आणि बाटली परत केली.

रविवारी तो घरूनच हात धुऊन, हातमोजे घालून आला.

"थंडी वाजते का, भावोजी?"

"नाही. काळजी घेतोय."

"कसली?"

"माणसांची."

बायको नेहमीसारखी पाण्याची बाटली अ‍ॅम्पवर ठेवायला आली. "अहो, हात धुऊन या ना."

"धुतलेत."

"इथे ओलं झालंय बघा. सरका जरा."

"असू दे."

ती क्षणभर रेंगाळली आणि मागच्या भिंतीजवळच्या आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

हातमोजे काढून त्याने वाजवायला घेतलं आणि अर्धा तास तो स्वर्गात होता. बटण शून्यावर, खाली घुमारा, वर किणकिण. मध्यंतरात मॅनेजर आला.

"साहेब, तुम्ही कधी सुरू करताय? आज तुम्हालाच ऐकायला थांबलोय."

"अर्धा तास वाजवतोय."

मॅनेजरने त्याच्याकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं. "हो, दिसत होतात," तो म्हणाला.

मेहुणा डावं मनगट चोळत आला. "भावोजी, कुणावर रुसलात का? आज अंगठा बोललाच नाही. मला डावा हात घालावा लागला. भरून आला हो."

अंगठेबहाद्दर सील तपासायला वाकला. ठिपका जागच्या जागी होता. पण पाचाच्या आकड्यासमोर आणखी एक ठिपका होता, बारीक, नीटस, त्याच मरून रंगाचा. सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा अ‍ॅम्प घरातच होता, आणि बाटलीही घरात एकच होती.

तो मागच्या टेबलाशी गेला. ऐंशी माणसांचे चमचे वाजत होते, खुर्च्या सरकत होत्या. ड्रमवाला सहज काहीतरी ठोकून बघत होता, त्यातला जाड ढोलही इथवर पोहोचेपर्यंत विरघळत होता. नाकातून बोलणारा एक वाढपी तेवढा स्पष्ट ऐकू येत होता.

"ती बाटली कुठाय?"

"पर्समध्ये."

"का?"

"परत लागली तर." तिने ग्लास पुसला. "मी हॉस्पिटलात गोड आवाजात बोलले ना, तर तिसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर खाली येत नाही. गर्दीतून नाकातला, मधला सूरच पोहोचतो. घरचा आवाज घरी ठीक. तिथे ऐकणारे तुम्ही एकटे."

"मला सांगायचं."

"पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बदकाला काय कळतं."

असं आपण म्हणालो होतो, हे त्याला आठवलं. तो अ‍ॅम्पशी परतला. बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. स्वतःचं सील स्वतः तोडायची नोकरीत पद्धत नव्हती. मग त्याने मध्यंतरात पुन्हा चढवलेले हातमोजे काढले आणि मागच्या भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी हात धुऊन येतो. साबण लावून. वेळ लागेल."

परत आला तेव्हा अ‍ॅम्पवर पाण्याची बाटली होती आणि बटण पाचावर. त्याने वाजवलं. कानाला तोच पत्रा. पण तिसऱ्या टेबलावरच्या एका आजोबांचं सूप चमच्यातच राहिलं आणि पाय हलायला लागला. गल्ल्याशी मॅनेजरचं पेन टेबलावर ठोका धरू लागलं.

"चौघंही या," शेवटी मॅनेजर म्हणाला. "टेबलं दुसरीकडे टाकू."

"बोलला अंगठा," मेहुणा म्हणाला.

अंगठेबहाद्दराने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मेहुणा निर्दोष होता, यात आता शंका नव्हती. तरीही घरी जाताना त्याने कीबोर्डच्या पेटीची कडी एकदा हलवून बघितली.