लिंबाएवढं भोक

गटारखात्यात तिला पाठीमागे सगळे पाणीबाई म्हणत. नवी घरं उठली की छपरांवरचं, फरश्यांवरचं पाणी उताराने धावत सुटतं आणि खालच्या गल्ल्यांत घुसतं. म्हणून नियम असा, की जो बांधेल त्याने आपल्या आवारात तळं खणायचं, पावसाचं पाणी तिथे अडवायचं आणि पोलादी प्लेटला पाडलेल्या भोकातून हळूहळू गटारात सोडायचं. ते भोक केवढं असावं, हे पाणीबाईने बघायचं. मोठं झालं तर खालचे बुडतात. लहान झालं तर तळं रिकामंच होत नाही आणि पुढच्या पावसाला जागा उरत नाही. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तरीही ती चुकली, आणि अज्ञानाने नाही, जळफळाटाने चुकली.

त्या जळफळाटाचं मूळ बाबांच्या खुर्चीत होतं.

बाबा राहायचे तिच्याकडे, टेकडीच्या पायथ्याशी. त्यांची औषधं तिने द्यायची, हरवलेला चष्मा तिने शोधायचा, रात्रीची कुरकुर तिने ऐकायची. आणि सकाळी चहा पोटात गेला की हा माणूस घडीची खुर्ची काखोटीला मारून टेकडी चढायचा, कारण वर तिची धाकटी बहीण घरं बांधत होती. जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेले बाबा तिथे मान ताठ करून बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत, "ही माझी धाकटी. घरं बांधते." मोठीबद्दल कुणी विचारलंच तर म्हणत, "ती होय? ती गटारात असते."

एकदा तिने विचारलंही होतं, "बाबा, माझ्या कामावर नाही येत कधी तुम्ही?"

"तुझ्या कामावर येऊन काय करू गं? नाक धरून उभा राहू?"

सगळे हसले, धाकटीसुद्धा. पाणीबाईही हसली आणि आत जाऊन भांडी उगाचच आपटली.

मग धाकटीच्या तळ्याची तपासणी आली आणि ती नेमकी तिच्याच वाट्याला आली. तळं तर इतकं नेटकं बांधलं होतं की बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. नकाशाप्रमाणे तळहाताएवढ्या भोकाची प्लेट लोहाराने बसवायला आणली होती. पलीकडच्या काठावर, इकडचं बोलणं ऐकू जाणार नाही इतक्या लांब, बाबा खुर्चीत बसून तिच्या कौतुकाचे पूल बांधत होते. तिच्या म्हणजे धाकटीच्या.

"ही प्लेट नको," पाणीबाई धाकटीला म्हणाली. "भोक लिंबाएवढं हवं. दुसरी करून घे."

"नकाशात तर..." लोहार बोलायला गेला.

"नकाशा मला शिकवू नका."

नवी प्लेट म्हणजे काम अडणार, धाकटी चिडणार, बाबांसमोर एकदा तरी तिचा चेहरा पडणार, एवढाच तिचा हिशोब. पण धाकटी म्हणाली, "ताई सांगते म्हणजे बरोबरच असणार." एवढा विश्वास! पाणीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लिंबाएवढ्या भोकाची प्लेट बसली, जुनी लोहाराच्या शेडमध्ये पडून राहिली.

पुढे एके दिवशी मोठा पाऊस झाला. तळं भरलं. दुसऱ्या दिवशीही तसाच पाऊस आला तेव्हा तळ्यातलं पाणी जेमतेम खाली गेलं होतं. ते काठावरून उसळलं आणि सरळ खालच्या गल्लीत, बाबांच्या खोलीत शिरलं. शिलाई मशीन गुडघाभर चिखलात उभं राहिलं.

बाबांनी काही न विचारताच धाकटीला उभं आडवं झापलं. "मोठीचं ऐकायला काय होतं तुला? ती पाण्यातली माणूस आहे!" आणि शेजारपाजाऱ्यांनाही तेच सांगत सुटले, "आमच्या मोठीला सगळं कळतं हो."

हे शब्द ऐकायला ती किती वर्षं आसुसली होती. चिखल उपसता उपसता तिला गुदगुल्या होत होत्या. लाजही वाटत होती, पण गुदगुल्या जास्त. धाकटी मात्र मूग गिळून बसली होती.

पाणी ओसरल्यावर खात्याचे मोठे साहेब टेकडीवर आले. बाबाही आले, खुर्चीसकट. साहेबांनी नकाशा पाहिला, प्लेट पाहिली.

"भोक लहान कुणी केलं?"

लोहार जमिनीकडे बघायला लागला.

"मी केलं," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, लहान असलेलं बरं."

"मग उरलेली घरं बांधायची परवानगी रद्द. कळलं?"

"कळलं."

पाणीबाईने बहिणीकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. उपकाराचा आव नाही, टोमणा नाही, काही नाही. माझी नोकरी वाचवायला ही स्वतःची घरं घालवतेय! बाबांना आज ना उद्या कळणार, आणि मग काय? धाकटीने घरं बांधली, वर त्यागही धाकटीनेच केला. चांगुलपणातसुद्धा हिनेच पुढे जायचं? इतकी वर्षं सोसलं, पण हे मात्र तिला सोसवेना.

"खोटं बोलतेय ती," पाणीबाई ओरडलीच. "भोक मी लहान करायला लावलं. नकाशा बरोबर होता. मला हिचा राग आला होता, म्हणून."

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. "ऑफिसात भेटा," ते म्हणाले. "चौकशी होईल. आधी ती प्लेट बदला."

बाबांचा चेहरा बघायची तिची हिंमत नव्हती. शेडमधली जुनी प्लेट आणि पाना घेऊन ती शिडीने खाली उतरली. तळाशी गुडघाभर गढूळ पाणी होतं. बोल्ट गंजले होते, हात सोलवटले. लहान प्लेट निघाली, मोठी बसली आणि पाणी खळखळून चालू लागलं.

वर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. तिने मान वर केली. धाकटीच्या घरांकडे तोंड केलेली खुर्ची बाबांनी ओढत ओढत थेट काठाशी आणली होती आणि ते वाकून खाली बघत होते.

"काय बघताय?" तिने चिडून विचारलं.

"तुझं काम," बाबा म्हणाले.

तेवढ्यात धाकटी शिडीवरून उतरू लागली. "ताई, पाना दे, राहिलेले बोल्ट मी आवळते."

"वर जा तू," पाणीबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आज ते माझ्याकडे बघतायत."