शाफ्टवरच्या रेषा

अंबडच्या कारखान्यात हिरामणने ग्राइंडिंग केलेले शाफ्ट तिसऱ्यांदा परत आले. त्यांच्या अंगावर बारीक रेषा होत्या.

"हिरामणभाऊ, आता आले तर तुम्हाला मशीनवरून काढून लोडिंगला टाकतील," सुपरवायझर नवनाथ म्हणाला.

हिरामणने हिऱ्याच्या टोकाने ग्राइंडिंगचं चाक सावकाश तासलं, मशीनचं पाणी बदललं. तरी रेषा.

"शेवटी चाक पुढे न रेटता ठिणग्या थांबेपर्यंत फिरू द्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत मला. एवढी घाई कसली?" नवनाथ बोलून गेला आणि ओशाळला.

बायको ललिता दवाखान्यात होती तेव्हा वर्षभर हिरामण असंच उरकून तिच्याकडे पळायचा. तिला जाऊन दोन महिने झाले होते, हाताची घाई मात्र गेली नव्हती.

या वेळी तो थांबला. ठिणग्या विझल्या. शाफ्टवर नख फिरवलं, कुठेच अडलं नाही.

सुट्टीचा भोंगा वाजला. हिरामणने पुढचा शाफ्ट लावला.