पांघरलेलं ॲनिलीन

ब्रोमीनचा तांबडा थेंब चंबूत पडला आणि त्याचा रंग विरून गेला, तेव्हाच पंचफुलानं पुढचा सोडला. खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी डोळे चुरचुरत होते. बाहेर व्हरांड्यात तिची माय, भागिरथा, नाकाला पदर लावून बसली होती. सकाळच्या एस.टी.नं ती किन्हीराजाहून कारंज्याला आली होती.

पंचफुला कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायची आणि प्रबंधासाठी लागणारी रसायनं उरल्या वेळात स्वतःच तयार करायची. हे काम अर्धवट टाकून उठता येत नव्हतं.

"काय करून राह्यली एवढं सावकाश?" माय खिडकीतून म्हणाली. "कोंबडीबी अंडं लवकर देते."

पंचफुलानं तिला समजावून सांगितलं. उघड्या ॲनिलीनवर ब्रोमीन एकदम तीन ठिकाणी जाऊन बसतं. तिला ते एकाच जागी हवं होतं. म्हणून आधी ॲनिलीनवर ॲसेटिलचं पांघरूण घालायचं, मग ब्रोमीन, आणि शेवटी आम्लात उकळून पांघरूण काढायचं.

"अन् काढलंच नाही तं?"

"तं त्याले पुढचं काही जोडता येत नाही."

"मंग काढजो बाई येळेवर," माय म्हणाली.

दुपारी दोघींनी व्हरांड्यातच भाकरी खाल्ली. पंचफुलाची भाड्याची खोली तिथून दोन गल्ल्या पलीकडे होती. घरमालकीण गोमतीबाईंनी आडनाव ऐकून तिची जात मनानंच ठरवली होती, आणि खोली हातची जाईल म्हणून पंचफुलानं ते खोडलं नव्हतं. त्यामुळे माय आली की कॉलेज आणि बसस्टँड, एवढंच. खोली दाखव, असं माय कधी म्हणाली नाही. त्या दिवशीही नाही. गाडीत चढताना, वास लई वाईट हाय, तोंडाले फडकं बांधत जाय, एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात वावरात निंदता निंदता माय धुऱ्यावर, बांधाच्या कडेला टेकली, ती उठलीच नाही.

किन्हीराजात त्रिशरण-पंचशील झालं. पोरगी रडत काहून नाही, असं बाया आपसांत बोलल्या. पंचफुलानं सगळ्यांना चहा दिला, भांडी घासली. मायच्या नावाचं पुण्यानुमोदन उरकल्यावर ती कारंज्याला परतली, ती थेट प्रयोगशाळेत. पांघरूण काढायचं राहिलं होतं; आम्ल ओतलं, चंबू उकळत ठेवला, निवल्यावर अल्कली घातली. पांढरे स्फटिक गाळणीवर उतरले. वजनात उतारा चांगला होता. तिला काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी खोलीच्या दाराशी गोमतीबाई पाणी घेऊन आल्या. कॉलेजच्या शिपायाकडून त्यांना कळलं होतं.

"अगं, तेरावं व्हायच्या आधीच आलीस? आता सुतक आहे, माठाला हात लावू नकोस. काय हवं ते मी देत जाईन."

पंचफुलानं पेला घेतला. प्यायली नाही.

"आमच्यात तेरावं नसते, गोमतीबाई."

"नसतं म्हणजे?"

"आमी बौद्ध आहो." वर्गात वजनमापं सांगावीत तसा तिचा आवाज सपाट होता. "माय कितीदा तरी कारंज्याले आली. मी तिले ह्या घराचं दारही दाखवलं नाही."

गोमतीबाई तिच्या हातातल्या पेल्याकडे पाहत राहिल्या.

"भागिरथा नाव होतं तिचं," पंचफुला म्हणाली.