समोरचं टेबल

धाकट्याचे डोळे पिवळे दिसले आणि माझं टाळकं सटकलं. दोन वर्षांपूर्वी लेकीची शपथ घेऊन त्यानं दारू सोडली होती.

आम्ही दोघं भाऊ कत्तलखान्यात. वीस वर्षं माझ्या टेबलावर कलेज्या येतात, समोरच्या टेबलावर त्याच्याकडे हृदयं. खराब कलेजी मी लांबून ओळखतो. माणसाची कशानं सडते, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"दादा, थेंब घेतला नाही. तोंडाचा वास घे," तो म्हणाला.

मी ठोसा घातला. नाक फुटलं, ओठ फाटला. खाली बसला तर बरगडीत लाथ घातली. धाप लागते म्हणाला, आडवं झालं की जीव घुसमटतो. म्हटलं, नाटकं पुरे. यांचे पाय सुजलेत, चप्पल चढत नाही, असं सांगत भावजय मध्ये पडली. तिलाही ढकललं. मग त्याला मागच्या खोलीत कोंडून किल्ली खिशात टाकली. बापानं मला असंच कोंडून माणसात आणलं होतं.

दोन दिवस तो दार बडवत होता. तिसऱ्या दिवशी बडवणं थांबलं. मला वाटलं, आला ताळ्यावर. भावजयीनं माझाच सत्तूर उचलून कडी फोडली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेवरची टरारून फुगलेली शीर दाखवली. लिव्हर रक्तावाचून मरतंय, म्हणाल्या, पण मूळ दुखणं हृदयाचं. ते थकलंय, रक्त पुढे ढकलत नाही. दारूचा संबंध नाही. दोन दिवस आधी आणायला हवं होतं.

सुजलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या कलेज्या मी शेकड्यानं फेकल्या असतील. त्याच जनावराचं हृदय कसं निघालं, हे मान वर करून कधी विचारलं नाही. तो कधीकधी म्हणायचा, हे बघ किती ढिलं पडलंय. मी म्हणायचो, तुझं काम बघ.

संध्याकाळी तो गेला. भावजयीनं मला मुठींनी मारलं, चपलेनं मारलं. नर्स धावल्या, मी म्हटलं मारू दे. मग तिनं माझे केस धरले आणि माझं तोंड त्याच्या तोंडावर दाबलं.

"घ्या वास."

मी घेतला. वाळलेल्या रक्ताचा आला, मीच काढलेल्या.